पिशवीतलं डोकं

फौजदारसाहेब सभागृहात उभे राहून नवा नियम समजावून सांगत होते, आणि सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. शेवटच्या रांगेतल्या टोपवाल्या काकू तेवढ्या त्यांच्या कपाळाकडे बघत होत्या. कपाळ जिथे संपतं आणि केस जिथे सुरू होतात, बरोबर त्या रेषेकडे. डाव्या बाजूचा एक टाका सैल झालाय, की आपल्याच डोळ्यांना आता तसं दिसतं, एवढीच त्यांना चिंता.

"संशय आला की थांबवायचं," साहेब सांगत होते. "का थांबवलं ते सांगायचं. पिशवी, खिसे बघायचे. आणि सोडायचं. चहा गार व्हायच्या आत काम संपलं पाहिजे. भल्या माणसाने भ्यायचं कारण नाही." मग त्यांनी खिशातून लाल कागदाची एक गोल चकती काढली. तिच्यावर 'तपासले' असं छापलं होतं. "ही माझी स्वतःची कल्पना. मागे डिंक आहे, तिकिटासारखा. झडती झाली की त्या वस्तूवर चकती लावायची, म्हणजे पुढच्या कोपऱ्यावरचा शिपाई त्याच माणसाला पुन्हा छळणार नाही."

एवढं बोलून साहेबांनी मान झटकून केस मागे टाकले. टाळ्या पडल्या. काकूंनीही वाजवल्या. टाका पक्का होता.

टोप म्हणजे केसांचा टोप. नाटकवाले त्याला टोप म्हणतात, बाकीचं जग विग म्हणतं, आणि जे घालतात ते काहीच म्हणत नाहीत. काकूंच्या सासरी हेच काम पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. सासूबाईंच्या काळात फिरत्या नाटक कंपन्या होत्या. राजे, राण्या, साधू, सगळ्यांची डोकी याच घरातून तयार होऊन जात. पुढे कंपन्या बसल्या आणि काकूंच्या वाट्याला गावातली साधीसुधी डोकी आली. त्यांना राजा व्हायचं नव्हतं, नुसतं कालच्यासारखं दिसायचं होतं.

खिडकीशी टेबल, टेबलावर खिळे उभे ठोकलेली फळी. त्या खिळ्यांतून केसांचा झुबका ओढायचा, मुळं एका बाजूला, टोकं एका बाजूला लावायची, कारण एक केस उलटा लागला तरी तो शेजाऱ्यांशी भांडून गुंता करतो. मग बारीक आकड्याने जाळीत एकेक केस ओढून गाठ मारायची. हे काम घाईच्या माणसाचं नव्हे. भिंतीवरच्या फळीवर लाकडी डोकी ओळीने मांडलेली, प्रत्येक डोकं एकेका गिऱ्हाइकाच्या मापाचं. त्यांवर नावं नव्हती. काकूंनी त्यांना टोपणनावं दिली होती. एक अंडं, एक कणीस, एक पेटी. आणि एक मागून सपाट होतं, पाठीवर ठेवलं तर हलायचं नाही, म्हणून तो पाटा.

टोपणनावं ठेवायचं कारण म्हणजे घरातली धाकटी जाऊ. दोघी जावा, दोघींचे नवरे वारलेले, एकाच चुलीवर दोघींचा संसार. धाकटी केस धुवायची, वाळवायची, हाताला मोठी चांगली. पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. सकाळी कळलेली गोष्ट दुपारपर्यंत पाववाल्याकडे पोचलेली असायची. त्यामुळे तिला पाटा माहीत होता, पाटा कोण ते माहीत नव्हतं.

"जाऊबाई, निदान एवढं तरी सांगा, पाटा लग्नाचा आहे की बिनलग्नाचा?"

"पाटा लाकडाचा आहे."

"तुमच्यापुढे पोलीससुद्धा हात टेकतील."

सासूबाईंचा एकच नियम होता. डोकं झाकायचं तर तोंडही झाकायचं. गिऱ्हाइकाचं माप घेतलं, ते पहिलं आणि शेवटचं. त्यानंतर त्याला बोडका पुन्हा बघायचा नाही. रस्त्यात भेटला तर ओळख दाखवायची नाही. टोप त्याच्या घरी मागच्या दाराने न्यायचा, घंटा वाजवायची नाही, घरातल्याच्या हातात गाठोडं द्यायचं, जुनं गाठोडं घ्यायचं, आणि मागे वळून न बघता निघायचं. या नियमावर घराण्याची भाकरी होती. एका डोक्याचा बोभाटा झाला, की दुसऱ्या दिवशी सगळी डोकी परत येणार, हे काकू पक्कं जाणून होत्या.

पाटा म्हणजे अर्थात साहेब. त्यांचे एक नाही, तीन टोप होते. एक आखूड, नुकताच न्हाव्याकडून उठून आल्यासारखा. एक मध्यम. एक कॉलरला टेकणारा. महिन्याभरात आखूडावरून मध्यमावर, मध्यमावरून लांबावर यायचं, मग साहेब ठाण्यात सर्वांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "छे, केस फार वाढले, उद्या कापायला हवेत," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आखूड. हे फक्त साहेबांच्या पत्नीला ठाऊक होतं, आणि काकूंना. आणखी एक गोष्ट काकूंच्याच आग्रहाची. साहेबांचं वय झालं तसं काकूंनी निरोप पाठवला होता, "या वयात एकही पांढरा नाही म्हणजे लोकांना संशय येईल." म्हणून उजव्या कानावर एक रुपेरी पट्टा आला. तशी नेमकी रुपेरी छटा कुठे मिळेना, तेव्हा काकूंनी आरशासमोर बसून स्वतःचा अंबाडा सोडला आणि कात्री चालवली. तो पट्टा साहेबांना इतका शोभला, की गावातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण देऊ लागल्या.

तर नियम लागू झाला, आणि कोपऱ्यावर नवी शिपाईण उभी राहिली. पोरगी तरतरीत, टोपी कपाळावर सरळ, नियम सगळा तोंडपाठ. तिच्याबरोबर एक जुने हवालदार होते. त्यांना गाव 'सावकाश' म्हणायचं, कारण चोर पळाला तरी ते "सावकाश, सावकाश, पडशील" असं ओरडत त्याच्या मागे जात.

शिपाईण तिथे उभी राहून बघायची. आणि तिला दिसायच्या काकू.

त्या दिवशी ठाण्याची पाहणी करायला वरच्या बाई येणार होत्या. वरच्या बाई म्हणजे साहेबांच्याही साहेब. गणवेशातल्या माणसाचे केस कॉलरला लागता कामा नयेत, असा त्यांचा दंडक. साहेब लांब टोपावर आलेले. सकाळी आखूड टोप घेऊन या, असा निरोप होता, आणि धाकटीने धुतलेला टोप वाळायला नेमका वेळ लागला. काकू पाट्याला टोप घालून, फडक्यात बांधून, पिशवीत ठेवून लगबगीने निघाल्या.

"काकू, थांबा."

काकू थांबल्या नाहीत. हाक आपल्याला असेल असं त्यांना वाटलंच नाही. उभ्या आयुष्यात त्यांना पोलिसाने हाक मारली नव्हती.

"काकू, तुम्हालाच म्हणतेय. पिशवीत काय आहे?"

"माझं काम आहे, बाळ. घाईत आहे मी."

"घाई आहे हे दिसतंय. तेही मी लक्षात घेतलंय." शिपाईण जवळ आली. "तुमची झडती घ्यायचीय."

समोर लाँड्रीवाला इस्त्री करत होता. त्याची इस्त्री सदऱ्यावरच थांबली. पाववाल्याची बायको दारात आली आणि हात पुसू लागली. हात कोरडेच होते.

"माझी?" काकू म्हणाल्या. "संशय कसला, ते सांगायचं असतं ना आधी? मी होते सभेला."

"सांगते ना." शिपाईण ताठ झाली. "तुम्ही पिशवी भरून येता आणि पिशवी भरूनच जाता. दुकानात कधी जात नाही. लोकांच्या घरी मागच्या दाराने शिरता, घंटा वाजवत नाही. बाहेर पडलात की मागे वळून बघत नाही. आणि त्याच घरचा माणूस समोरून आला तर त्याला ओळख देत नाही. परवा तुम्ही खांबाकडे बघत उभ्या राहिलात, तो पुढे जाईपर्यंत."

काकू ऐकतच राहिल्या. सासूबाईंनी आयुष्यभर घालून दिलेली शिस्त या पोरीने एका दमात म्हणून दाखवली होती, आणि ऐकताना ती अगदी चोराची वाटत होती.

"मी तुझ्या जागी असते तर मीही मला धरलं असतं," काकू प्रामाणिकपणे म्हणाल्या.

"मग दाखवा." शिपाईणीने पिशवीला बाहेरून हात लावला आणि हात एकदम मागे घेतला. पुन्हा लावला. गोल. टणक. खाली मान. "काकू," तिचा आवाज उतरला, "हे डोकं आहे."

पाववाल्याच्या बायकोने "अगं आई" केलं आणि लाँड्रीवाल्याचा सदरा जळल्याचा वास आला.

"लाकडाचं आहे," काकू म्हणाल्या.

"हवालदार!"

"आलो, आलो," पलीकडच्या फुटपाथवरून सावकाश म्हणाले, आणि दोन्ही बाजूंना नीट बघून रस्ता ओलांडू लागले. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. "काय, डोकं का? धडही आहे का बरोबर?"

"हवालदार, चेष्टा नको."

"बरं. मग ठाण्यात नेऊ. साहेब आले की त्यांच्यासमोरच उघडू."

काकूंनी पिशवी छातीशी धरली. हे घरी पोचल्याशिवाय साहेब ठाण्यात येणारच नाहीत, हे त्यांना कसं सांगावं? आणि इथे उघडलं, तर तो रुपेरी पट्टा गावात कोण ओळखणार नाही? नाव न घेताच नाव घेतल्यासारखं होतं. सासूबाईंपासून चालत आलेलं सगळं लाँड्रीच्या दारात, जळक्या सदऱ्याच्या वासात संपणार होतं.

"हे बघ बाळ," काकू शिपाईणीच्या कानाशी आल्या. "नियमात असंही होतं ना, की बाईमाणसाने आडोसा मागितला तर द्यायचा? मला आडोसा दे. तुला एकटीला दाखवते."

शिपाईणीने नियम मनातल्या मनात म्हणून पाहिला. होतं तसं.

लाँड्रीच्या मागच्या खोलीत गादीच्या चादरींचे ढीग होते. दार लोटून काकूंनी गाठोडं चादरींवर ठेवलं, गाठ सोडली. शिपाईणीने फडकं दोन बोटांनी उचललं. तिने टोप पाट्यावरून काढला, स्वतःच्या मुठीवर चढवला, आणि उजेडाकडे धरून फिरवला. रुपेरी पट्टा बघितला. पण तिची नजर जास्त वेळ थांबली ती मागे, मानेवरच्या कडेवर.

"हे काय आहे, काकू?"

"केस."

"कुणाचे?"

"ते सांगायची पद्धत नाही."

"मी पोलीस आहे. विचारतेय. कुणाचे?"

"तू मोठी पोलीस हो, फौजदार हो, त्याहून वर जा," काकू म्हणाल्या. "पण मी सांगणार नाही. पिशवी बघायचा हक्क आहे तुला, बघितलीस. पोटातलं बघायचा नियम अजून निघालेला नाही."

"ठाण्यात न्यावं लागलं तर?"

"ने. तिथे जाऊनही हेच म्हणेन. फक्त चालायला वेळ लागेल, गुडघे दुखतात माझे."

शिपाईणीच्या ओठाचा कोपरा हलला, की काकूंना भास झाला, देव जाणे. तिने टोप परत पाट्यावर घातला. घालताना कडा नीट जुळवली. "संशय फिटला," ती म्हणाली, आणि खिशातून लाल चकती काढून जिभेला लावली.

"केसांवर डिंक? माझ्या हयातीत नाही!" काकूंनी तिचा हात धरला.

"वस्तूवर लावायचा नियम आहे."

"लाकडाच्या मानेवर लाव मग. तीही वस्तूच."

तसं झालं. चकती मानेवर बसली, काकूंनी फडकं घाईघाईने आवळलं, आणि बाहेर ताटकळलेल्या सगळ्या गावाला शिपाईणीने सांगितलं, "कामाचं सामान आहे. रस्ता मोकळा करा."

"म्हणजे डोकं नव्हतं?" पाववाल्याची बायको निराश झाली.

"डोकं प्रत्येकाला असतं," सावकाश म्हणाले. "सावकाश घरी जा."

साहेबांच्या मागच्या दारात त्यांच्या पत्नी पदराशी चाळा करत उभ्या होत्या. "काकू, किती हा उशीर! ते आत टॉवेल गुंडाळून येरझारा घालताहेत." गाठोडं आत गेलं, रिकामं फडकं, रिकामा पाटा आणि लांब टोप बाहेर आला. काकू मागे वळून न बघता निघाल्या. घरी येऊन पिशवीतून पाटा काढून फळीवर ठेवला, आणि तशाच उभ्या राहिल्या.

पाट्याच्या मानेवर चकती नव्हती.

ओला डिंक. आवळलेलं फडकं. मानेवर टेकलेली केसांची कडा. लाकूड गुळगुळीत, केस धरून ठेवणारे. काकूंना सगळं डोळ्यांपुढे दिसलं. कुणाही साध्या माणसाने टोप दिल्यावर एकदा मागून बघितलं असतं. पण त्यांच्या घराण्यात मागून बघायचं नसतं.

"धाकटे, चप्पल घाल."

"कुठे?"

"पाहणी बघायला."

"तुम्ही? कवायत बघायला?" धाकटीने लगेच चप्पल घातली. असल्या दिवशी मागे राहणाऱ्यांतली ती नव्हती.

मैदानाच्या कुंपणाशी गर्दी होती. शिपाई रांगांत उभे. वरच्या बाई पुढे, त्यांच्या बाजूला साहेब, आखूड केस, रुपेरी पट्टा उन्हात चमकतोय. दोघं पहिल्या रांगेपुढून चालत गेले. रांग दगडासारखी होती. ते पुढे गेले तशी साहेबांची मान रांगेला दिसली, आणि दगडांना कापरं भरलं. मानेवर, अगदी मधोमध, लाल गोल चकती होती. 'तपासले'.

"ठाण्यात थंडी वाजते का हो?" वरच्या बाईंनी विचारलं.

"नाही, बाई. शिस्त आहे," साहेब म्हणाले.

दुसरी रांग. एकाला खोकला आला, दुसऱ्याने त्याचा खोकला घेतला. सावकाश आयुष्यात पहिल्यांदा झटकन हलले आणि टोपी नाकापर्यंत ओढून घेतली. कुंपणाशी धाकटीने आधी डोळे बारीक केले. ते मागून सपाट डोकं तिने दर महिन्याला पुसलं होतं, त्यावरचा टोप धुऊन वाळवला होता. मग तिचे डोळे मोठे झाले.

"जाऊबाई," ती कुजबुजली, "पा..."

"धाकटे," काकू तिचा दंड धरून म्हणाल्या, "तोंड झाक."

धाकटीने खरोखरच दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

तिसऱ्या रांगेच्या टोकाला शिपाईण होती. वरच्या बाई तिच्यासमोरून पुढे सरकल्या, साहेब सरकले, मान समोर आली. आता बाई वळणार आणि साहेब पाठमोरे त्यांच्यापुढे चालणार, तेवढ्यात शिपाईण रांगेतून बाहेर पडली.

"साहेब, गांधीलमाशी!" असं ओरडून तिने साहेबांच्या मानेवर अशी एक चापट ठेवून दिली, की कुंपणापर्यंत आवाज आला.

टोप केसभरही हलला नव्हता. जगबुडी आली असती तरी तेवढं एक काकूंना आधी दिसलं असतं.

"माशी कुठे आहे?" वरच्या बाईंनी विचारलं.

"मेली, बाई," शिपाईण मूठ घट्ट मिटून म्हणाली.

"तत्पर आहे पोरगी," वरच्या बाई म्हणाल्या. "फौजदार, हिच्यावर लक्ष ठेवा."

"ठेवतो, बाई," साहेब म्हणाले. त्यांनी तिच्या मुठीकडे बघितलं. बोटांच्या फटीतून लाल कागदाचा एक कोपरा बाहेर आला होता.

दिवे लागायच्या सुमाराला काकूंच्या दाराशी एक पिशवी आली. साहेबांच्या पत्नी स्वतः आल्या होत्या, डोळे खाली. पिशवीत मध्यम टोप होता.

"हा परत घ्या म्हणाले. लांबही तुमच्याकडेच राहू दे. यापुढे नको म्हणाले." त्या अडखळल्या. "तुम्हाला थांबवल्याचं हवालदारांकडून कळलं त्यांना. म्हणाले, त्या पोरीला हे कळलं ते काकूंनी सांगितल्याशिवाय कसं? म्हणाले, केसाने गळा कापला."

काकू उंबऱ्यातच बसल्या. इतकी वर्षं गाठी मारल्या, एक सुटली नव्हती. न मारलेली गाठ सुटल्याचा आळ आला होता.

"जाऊन सांगा ना, तुम्ही काही बोलला नाहीत म्हणून," धाकटी कळवळून म्हणाली.

"कुठे जाऊन? ठाण्यात? 'साहेब, मी तुमच्या केसांबद्दल कुणाशी बोलले नाही,' असं चारचौघांत?"

धाकटी गप्प झाली. त्यातही एक नवल होतं, पण त्या संध्याकाळी काकूंना ते जाणवलं नाही.

दिवस गेले. काकू आपल्या उरलेल्या डोक्यांकडे जात राहिल्या, आणि प्रत्येक मागच्या दाराशी आज इथूनही पिशवी परत येणार, असं त्यांना वाटत राहिलं. तिकडे ठाण्यात वेगळाच प्रकार. साहेबांकडे आता एकच टोप होता, आखूड. साहेबांचे केस कापलेले होते, ते कापलेलेच राहिले. पंधरवडा गेला, महिना गेला. साहेब "केस वाढले" म्हणेनात. सावकाश चहा ओतता ओतता म्हणाले, "साहेबांच्या भीतीने केसही वाढायचे थांबले." साहेबांनी ते ऐकलं आणि सावकाशांची झाडाखालची ड्यूटी उन्हात लावली.

एका सुट्टीच्या दिवशी शिपाईण साध्या कपड्यांत काकूंच्या दारात आली.

"आता काय तपासायचं राहिलंय?" काकू आकडा खाली न ठेवता म्हणाल्या.

"काकू, एक विचारायचं होतं. साहेबांचे केस का हो वाढत नाहीत हल्ली?"

"कुठले साहेब?"

"आमचे."

"त्यांच्या केसांचं मला काय विचारतेस? न्हाव्याला विचार."

शिपाईण फळीवरच्या डोक्यांकडे बघत होती. पाटा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, म्हणून सपाट बाजू इकडे होती. "काकू, आता तर मलाही माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे की मला माहीत आहे."

"तुला काय माहीत आहे ते तुझ्याजवळ ठेव. माझ्याजवळ मोकळी फळी आहे, त्यावर डोकी ठेवायची असतात."

शिपाईण खो खो हसायला लागली. मग काकूंच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. फळीकडे बघितलं, टेबलावर परत आलेल्या दोन टोपांकडे बघितलं. पोरगी हुशारच. तिने पुढे काही विचारलं नाही. धाकटीने चहा आणला तोही न पिता उठली.

दोनच दिवसांनी मागच्या दारावर टकटक झाली. काकूंच्या मागच्या दारावर आजवर कुणीच टकटक केली नव्हती. मागची दारं ठोठावायची ती त्यांनी. धाकटीने फटीतून बघितलं, मागे आली, आणि एक शब्दही न बोलता केस वाळवायला गच्चीवर निघून गेली.

दारात साहेब होते. कानटोपी घातलेली.

"या," काकू म्हणाल्या, आणि सवयीने खांबाकडे बघू लागल्या.

"इकडे बघितलंत तरी चालेल," साहेब ओशाळून म्हणाले. स्टुलावर बसले. खिळ्यांची फळी त्यांनी जरा लांब सरकवली. "त्या पोरीला मी विचारलं. म्हटलं, खरं सांग, त्या बाईंनी काय सांगितलं? ती म्हणाली, 'मी पुन्हा पुन्हा विचारलं, साहेब, ठाण्यात न्यायची भीती घातली. त्या म्हणाल्या, फौजदार झालीस तरी सांगणार नाही.'"

"त्याहून वर, असंही मी म्हणाले होते," काकूंनी दुरुस्त केलं.

"मग म्हटलं, तुला कळलं कसं? तर म्हणते, 'मी रोज तुमच्या मागे उभी असते, साहेब. टोप बघितल्याबरोबर मान ओळखली.'" साहेबांनी घसा खाकरला. "पुढे म्हणते, 'आणि मला आधीपासूनच जरासं वाटत होतं. सगळ्यांचे केस रोज वाढतात. तुमचे महिन्यातून दोनदाच वाढतात, एकदम, रात्रीतून.'"

काकूंनी आकडा खाली ठेवला. त्यांना हसू आवरेना, आणि आवरायला हवं होतं, कारण समोर गिऱ्हाईक होतं.

"आळ घेतला मी तुमच्यावर," साहेब म्हणाले. "संशय आला, थांबवलं. पण का ते विचारलंच नाही. नियम माझाच."

"बघून झालं ना? मग सोडायचं," काकू म्हणाल्या. "चहा घेता?"

साहेबांनी चहा घेतला. मग कपातच बघत म्हणाले, "काकू, त्या आखूड आणि मध्यमाच्या मधे एक बसेल का?"

"चौथा?"

"वाढ जरा स्वाभाविक दिसेल."

"बसवू की. पांढरे थोडे वाढवावे लागतील," काकू म्हणाल्या, आणि अंबाड्यावर हात फिरवला. अंबाडा आता लिंबाएवढा राहिला होता. पण होईल, त्यांनी अंदाज घेतला, तेवढं होईल.

चौथा टोप तयार झाला त्या सकाळी काकू पिशवी घेऊन कोपऱ्यावर आल्या. लाँड्रीवाल्याने इस्त्री सदऱ्यावरून आधीच उचलून ठेवली.

"काकू, थांबा," शिपाईण म्हणाली. टोपी सरळ, आवाज सरकारी. "पिशवीत काय आहे?"

"केस."

"कुणाचे?"

"पांढरे तेवढे माझे."

शिपाईणीने लाल चकती जिभेला लावली, पिशवीच्या कातडी बंदावर, केसांपासून चांगली लांब, नीट दाबून बसवली, आणि रस्ता मोकळा करून दिला.